पालकाची सही

सरिता मॅडमनी ‘पालकाची सही’ लिहिलेल्या जागी पेन्सिलीने फुली मारली आणि अर्ज रूपेशपुढे सरकवला. तलासरीच्या कॉलेजात अकरावीच्या प्रवेशाची आज शेवटची तारीख होती आणि साडेचारला ऑफिसची खिडकी बंद होणार होती. लग्न झालेल्या बाईचा पालक म्हणजे तिचा नवरा. त्याची बायको जयश्री बाजूच्या बाकावर गुणपत्रिका मांडीवर घेऊन बसली होती.

रूपेशने पेनचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

मुळात दहावीची हौस त्याची. कंपनीतला सुपरवायझर म्हणाला होता, दहावी पास हो, पॅकिंगमधून काढून मशीनवर घेतो. म्हणून त्याने मॅडमच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं, बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला आणि एकट्याला कंटाळा येतो म्हणून जयश्रीलाही भरायला लावला. निकालाच्या दिवशी सोबतीला आलेली त्रेसष्ट टक्के घेऊन पास झाली आणि हौशी नवरा गणितात बावीसवर आपटला. पाड्यावरच्या बायका तिला बघायला आल्या. त्याच्या सख्ख्या आईने पहिला पेढा सुनेला भरवला. तो पेढा आठवला की अजून त्याच्या पोटात दुखायचं. मॅडमनी त्याच्याकडून जुलैच्या पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरून घेतला होता, पण गणिताचं पुस्तक त्याने उघडलंच नव्हतं.

त्याच्याकडे एकच गोष्ट उरली होती. इंग्रजीत त्याला एक्कावन्न होते आणि तिला शेहेचाळीस. भेटेल त्याला तो ते ऐकवायचा.

“माझी सही कशाला,” तो म्हणाला. “उद्या तिच्या बापालाच घेऊन येतो.”

उद्या खिडकी उघडणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जयश्रीलाही होतं. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. हिने भांडावं, चार शब्द सुनावावेत, असं त्याला फार वाटत होतं. मग उठून जाणं सोपं झालं असतं.

मॅडमनी घड्याळ बघितलं. नवऱ्याचीच सही लागते, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि सगळं भरलंय ना, हे बघायला अर्ज पुन्हा वरपासून वाचायला घेतला. “अरे, हा एक रकाना राहिला. पालकाचं शिक्षण...” त्या बोलून गेल्या आणि थांबल्या.

खिडकीतल्या कारकुनाने मान वर केली. रूपेशचे कान तापले. नववी पास म्हणावं की दहावी नापास, यातलं कमी लाजिरवाणं कोणतं, ते त्याला ठरवता येईना. हिला आता मनातून गुदगुल्या होत असणार, असं वाटून तो आणखीच जळला.

“तो रिकामा ठेवा, मॅडम,” जयश्री म्हणाली. “जुलैची परीक्षा झाली की भरू.”

भात अजून शिजतोय, हे सांगावं तसं तिने ते सांगितलं. मॅडमनी त्या रकान्यापुढेही पेन्सिलीने फुली मारली.

रूपेश थोडा वेळ त्या दुसऱ्या फुलीकडे बघत राहिला. मग त्याने टोपण काढलं आणि इतकं दाबून नाव लिहिलं की ते खालच्या कागदावरही उमटलं. पोटातलं दुखणं मात्र जागचं हललं नव्हतं. अर्ज खिडकीतून आत देताना त्याच्याने राहवलं नाही.

“इंग्रजीत मला हिच्यापेक्षा चार मार्क जास्त आहेत,” तो कारकुनाला म्हणाला.

जयश्री गुणपत्रिका पिशवीत ठेवत होती.

“चार नाय,” ती म्हणाली. “पाच.”