मिसेस पार्करना खुर्चीत बसवताना

“हळू! मला पडायची भीती वाटते!” मिसेस पार्कर इंग्रजीत म्हणाल्या आणि त्याच क्षणी त्यांच्याखालची चाकांची खुर्ची मागे सरकली.

वर्ग घेणाऱ्या क्वान बाई धावल्या म्हणून मिसेस पार्कर आणि त्यांना बसवणारी फुंगयी, दोघी वाचल्या. परीक्षा घ्यायला आलेल्या गोऱ्या नर्सने कागदावर फुली मारली. फुंगयी दुसऱ्यांदा नापास झाली. दोन्ही वेळा कारण एकच, खुर्चीचा ब्रेक लावायचा राहिला.

“आता परीक्षेला एकदाच बसता येईल,” क्वान बाई म्हणाल्या. “पुढच्या गुरुवारी.”

त्या वर्षी न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमधले शिवणकारखाने एकामागून एक बंद पडत होते. फुंगयीला चीनमधल्या तोइसानहून येऊन चारच वर्षं झाली होती आणि ती चारही तिने कॉलर शिवण्यात घालवली होती. कारखान्यात इंग्रजी लागत नसे. तो बंद पडल्यावर ती तिथल्या चिनी लोकांच्या मंडळाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या या वर्गात आली. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना अंघोळ कशी घालायची, कसं भरवायचं, कसं उठवायचं हे इथे शिकवत, आणि ते सगळं इंग्रजीत बोलत करायचं असे. पास झालं की नोकरी, आणि नोकरीबरोबर घरच्यांसाठी दवाखान्याचा विमा. फुंगयीचा नवरा कामवा याच्या हृदयाची शस्त्रक्रिया त्या विम्यावाचून अडली होती. एक जिना चढला की तो भिंत धरून उभा राहायचा.

मिसेस पार्कर म्हणजे वर्गातला सरावासाठीचा पेशंट. बायका यायच्या आधीच त्या पलंगावर पडलेल्या असत आणि बायका गेल्यावर उठत. चेहरा चिनी, केस पांढरेशुभ्र, बोलणं मात्र अस्सल इथलं. त्यांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

“इथेच जन्मलेली असणार,” साउहा म्हणाली. वर्गात सगळ्यांत तोंडाळ तीच. “बाहेरून पिवळी, आतून पांढरी. केळं आहे नुसतं!”

“हळू बोल गं, ऐकेल,” फुंगयी म्हणाली.

“ऐकू दे. आपली भाषा कुठं कळतेय तिला?”

मिसेस पार्करनी डोळे मिटून घेतले. पोटावरचं पांघरूण जरासं हललं.

त्या बोलायला लागल्या की बायकांना धडकी भरे. एक शब्द अडखळत नसे. साउहाने एकदा धीर करून, धड्यात नसताना, आपल्या मनाने विचारलं, “आज हवा छान आहे, नाही?”

“फार बोलतेस,” मिसेस पार्कर म्हणाल्या. “पाणी दे.”

“बघा,” क्वान बाई म्हणाल्या. “खरे पेशंट असेच असतात. मन लावून ऐका त्यांचं.”

फुंगयी ऐकत राही. असं बोलता येणारं माणूस तिला डोंगराएवढं वाटे. आपल्यासारखाच चेहरा, आणि त्यातून ही भाषा नळाच्या पाण्यासारखी धो धो वाहते!

घरी ती कामवाला पेशंट करून सराव करी. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून घेई.

“हिला चाकंच नाहीत. ब्रेक कशाला लावू?”

“मला लाव,” कामवा म्हणाला. “नाहीतरी गाडी बंद पडायला आलीच आहे.”

“छॉय! अभद्र बोलू नकोस! तोंडाला काही धरबंध?” फुंगयीने त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग तोच हात तिथे बराच वेळ ठेवला.

गुरुवारी गोरी नर्स कागद घेऊन कोपऱ्यात बसली. फुंगयीने हात धुतले. मिसेस पार्करना आपलं नाव सांगितलं. त्यांना थंडी वाजत होती, तिने पांघरूण दिलं. त्यांना तहान लागली, तिने उशी उंच करून घोट घोट पाणी पाजलं. मग तिने खुर्ची पलंगाला भिडवली आणि तिच्या डोक्यात सगळा काळोख झाला. पुढे काय? काहीतरी होतं. तिने मिसेस पार्करच्या काखेत हात घातले.

“हळू! मला पडायची भीती वाटते!”

फुंगयी थबकली. हे वाक्य उचलून उभं केल्यावरचं. महिनाभरात एकदाही ते आधी आलं नव्हतं. तिने वर पाहिलं. मिसेस पार्कर तिच्याकडे बघत नव्हत्या. त्या खुर्चीच्या चाकाकडे बघत होत्या.

फुंगयी वाकली. एक ब्रेक. दुसरा ब्रेक.

“आता नाही पडणार तुम्ही,” ती इंग्रजीत म्हणाली.

नर्सने कागदावर सही केली.

त्यानंतर तीन दिवस फुंगयी भाजी चिरताना, तांदूळ धुताना पुटपुटत होती. शब्दकोशातून शब्द काढून तिने आयुष्यातली पहिली स्वतःची इंग्रजी वाक्यं जुळवली होती. चौथ्या दिवशी दुपारी ती संत्र्यांची पिशवी घेऊन मंडळाच्या जिन्यात उभी राहिली. वर्ग सुटला, बायका गेल्या. बऱ्याच वेळाने मिसेस पार्कर कठडा धरून एकेक पायरी उतरत आल्या. उभ्या असताना त्या फुंगयीच्या खांद्याएवढ्याच होत्या.

फुंगयीने दोन्ही हातांनी पिशवी पुढे केली. कमरेत वाकली. आणि न अडखळता म्हणाली, “तुम्ही योग्य वेळी बोललात म्हणून माझ्या नवऱ्यावर आता उपचार होतील. तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही.”

मिसेस पार्कर नुसत्या तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. फुंगयीला वाटलं, उच्चार चुकले. तिने सगळं पुन्हा म्हटलं, जास्त सावकाश.

म्हातारीने जिन्यात वर पाहिलं, खाली पाहिलं. कुणी नाही अशी खात्री केली. मग पुढे झुकून फुंगयीच्या कानाशी, तोइसानच्या खेड्यातल्या बायका भाताच्या खाचरात बोलतात त्या बोलीत म्हणाली,

“आगं पोरी, आपल्या बोलीत सांग की. क्वान बाईनं चाळीस वाक्यं घोकून घेतल्यात माझ्याकडनं. त्याच्या म्होरं मला विंग्रजी येत न्हाई.”