नितळ पाण्याची बादली

“एकशे चाळीस डॉलर जास्त होतायत, वर्नाताई.”

खिडकीपलीकडच्या टॅम्सिनने हे अगदी हळू सांगितलं. तरी वर्ना सायझमोरला वाटलं, अख्ख्या कचेरीने ऐकलं. सरकारी आरोग्य कार्डासाठी महिन्याच्या कमाईची एक रेघ आखलेली असते. रेघेच्या आत असलात तर औषधं मिळतात. पाऊल जरा बाहेर पडलं, की आपलं आपण बघा! वर्नाच्या शेजारी तिची लेक कार्लीन बसली होती. गेल्या महिन्यात तिला एकोणीस वर्षं पूर्ण झाली आणि लहान मुलांचं कार्ड संपलं. घरी फ्रिजमध्ये, मक्याच्या पावाच्या डब्यामागे, तिच्या इन्सुलिनची शेवटची कुपी उरली होती.

“आई, तू जरा कमी कमवायला शीक ना,” कार्लीन म्हणाली.

“तू गप्प बस गं.”

टॅम्सिनने संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवलं. “शाळेच्या स्वयंपाकघरातला पगार समजला. हे चर्चचे दोनशे कसले?”

“तोही पगारच. दर शनिवारी मी चर्चची फरशी पुसते. रविवारी आमचे पाद्री, ब्रदर ओडेल, पाकीट देतात.”

“सांगितलं नसतंस तर कुणाला कळणार होतं?” कार्लीन पुटपुटली.

“मला.”

वर्ना तशीच होती. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या बँडच्या सरावात कार्लीन ट्रम्पेटसकट कोसळली आणि तिची साखर किती चढलीय ते कळलं. त्या रविवारी चर्चमध्ये सायझमोर मायलेकींसाठी वर्गणीची थाळी फिरली. पुढच्या रविवारी वर्नाने ते सगळेच्या सगळे पैसे परत थाळीत टाकले. ब्रदर ओडेलनी फार गळ घातली, तेव्हा तिने स्वतःच कपाट उघडून पोछा आणि बादली बाहेर काढली. “आधी काम, मग पैसे,” म्हणाली, आणि लागली पुसायला. ब्रदर ओडेलनी मान डोलावली की नुसतं डोकं खाजवलं, हे तिने बघितलंसुद्धा नाही.

तेव्हापासून एक शनिवार चुकला नाही. बर्फ पडला तरी नाही. आणि त्याचा तोरा केवढा! शाळेत वाटाणे वाढता वाढता ती सांगायची, दुकानात रांगेत उभी राहून सांगायची, “आमच्या चर्चची माणसं चालतात किती जपून! दोन तास पुसलं तरी बादलीतलं पाणी आपलं नितळ!” हे कुठे, तर आमच्या खोऱ्यात, जिथे पांढऱ्या मांजरीचे पायसुद्धा कोळशाने काळे असतात.

“पगार असेल, तर देणाऱ्याने तसं सांगायला हवं,” टॅम्सिन म्हणाली. “फोन लावू?”

“लाव की! घाबरतंय कोण?” वर्ना ताठ बसली.

टॅम्सिनने सगळ्यांना ऐकू येईल असा फोन लावला. “ब्रदर ओडेल, वर्ना सायझमोर तुमच्याकडे पगारावर आहेत ना?”

पलीकडून खाकरणं ऐकू आलं.

“नाही,” ब्रदर ओडेल म्हणाले.

वर्नाचे कान तापले. “नाही? ब्रदर ओडेल, मी वर्ना बोलतेय! दोन वर्षं कंबर मोडेस्तोवर पुसतेय, ते काय मग?”

“पुसतेस गं बाई. पण तुला कामावर ठेवलंय कुणी? शुक्रवारी संध्याकाळीच बायका येऊन सगळं धुऊन-पुसून जातात. माझी बायको, युला आजी, झाडून सगळ्या. आठवडाभर तू शाळेत पायांवर उभी असतेस, शनिवारी तरी तुला हलकं जावं म्हणून. पाकिटात असते ती त्यांचीच वर्गणी. नुसती दिली की तू परत टाकतेस. आम्ही करायचं तरी काय?”

फोन ठेवला गेला. कार्लीनने तोंडावर हात दाबला, पण हसू बोटांतून सुटलंच. “आई! तुझं ते नितळ पाणी!”

वर्ना हसली नाही. टॅम्सिन खिडकीतून पुढे वाकली.

“वर्नाताई, पगार आम्ही कमाईत धरतो. भेट धरत नाही. पण ते तुमच्या तोंडून यायला हवं. काय होतं ते?”

एवढासा शब्द, पण आयुष्यात तिने तो स्वतःसाठी वापरलाच नव्हता. तिने मान वळवली. कार्लीनचं हसू आता थांबलं होतं. सुया टोचून टोचून तिच्या बोटांची टोकं खरखरीत झाली होती, आणि त्या बोटांनी तिने आईची बाही घट्ट धरली होती.

“भेट,” वर्ना म्हणाली.

“जरा मोठ्याने?”

“भेट होती! भेट!”

सगळी कचेरी वळून बघायला लागली. बाकावरचे एक आजोबा टोपी उचलून म्हणाले, “अभिनंदन हो!”

टॅम्सिनची बोटं धडाधड चालली. “बसलात बघा रेघेच्या आत. सोमवारी औषधाच्या दुकानात जा.”

बाहेर येऊन दोघी आपल्या खटाऱ्या पिकअपमध्ये चढल्या. कार्लीनने पाय वर घेतले आणि ऐटीत मागे टेकली. “उद्या मस्त ताणून दे, आई. तुला कामावर कुणी ठेवलेलंच नाहीये!”

वर्नाने आरशात बघितलं. उद्यासाठी ठेवलेली बादली मागे खडखडत होती. घराचं वळण आलं. गाडी सरळ पुढे गेली, चर्चच्या रस्त्याला.

“अगं आई, आज शुक्रवार आहे!”

“म्हणूनच,” वर्ना म्हणाली. “आज पाणी गढूळ होईल.”