लांबीतली लाट

रंगारी बाबांची नजर अधू झाल्यापासून लेकच रंगाआधी भिंतींना लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, घासून सपाट करायची आणि बाबा नुसता तळहात फिरवून काम तपासायचे. आज दिवाणखान्याची मोठी भिंत चाचपून ते म्हणाले, "झकास. लाव आता प्रायमर."

लेकीने सवयीने पेटता बल्ब भिंतीला खेटून धरला. तिरप्या उजेडात मधोमध लाटेसारखा उंचवटा दिसला. बाबांचे डोळे गेले, आता हातही गेला की काय?

ती घासकागद शोधू लागली, तशी घरमालकीण हळूच म्हणाली, "आता कशाला उकरतेस गं? रंगाखाली कोणाला दिसतंय?"

"मला दिसलंय ना, काकू," बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून ती कुजबुजली.

बाबांना कळलं तर ते पुन्हा भिंतीला हात लावणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. तिने त्यांना चहाला पिटाळलं आणि ते परतायच्या आत भिंत घासून एकसारखी केली.

बाबा आले ते थेट भिंतीच्या मधोमध हात फिरवू लागले.

"गेली लाट," ते म्हणाले. "मी हो म्हटलं की तू गप्प बसतेस का, तेवढंच बघायचं होतं. पुढच्या कामाला मी येत नाही. तू एकटी जा."