शेवटचा आकडा

जोडव्यांतली बोटं. चिकूच्या फांदीला टांगलेली पर्स. तोंडात अख्खा पेढा कोंबलेला नवरा.

मुक्ताच्या लग्नाचे हे फोटो स्टुडिओच्या वेबसाइटवर पासवर्ड लावून ठेवलेले होते.

डहाणूहून स्टुडिओवाल्या सुदर्शनचा फोन आला. "ताई, वेबसाइटला फट राहिलीय. लिंकमधला शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्याचा फोल्डर उघडतो. तुमचा कुणीतरी रोज उघडतंय."

"कोण?"

"तलासरीचे गोपीनाथ सर. त्यांना त्यांच्या निरोप समारंभाच्या फोटोंची लिंक दिली होती. मास्तर हॅकर निघाले! आजच फट बुजवतो."

"बुजव," मुक्ता म्हणाली. "पण आधी बाबांना माझा पासवर्ड दे. म्हणावं, आता आकडे बदलत बसू नका."

लग्नाची पत्रिका बाबांनी न उघडताच परत पाठवली होती.