दुसऱ्यांदा

मॅनेजमेंटच्या कॉलेजात पुन्हा अर्ज करायचा नुसता विचारही मुकुंदाला नकोसा वाटे. गेल्या वर्षी मुलाखतीत ज्या तिघांनी नापसंत केलं, त्यांच्याच पुढ्यात परत बसायचं!

"आता एकदम त्र्याहत्तर सालीच अर्ज करतो," स्वयंपाकघरात तो ताईला म्हणाला. "तोवर साखर कारखान्यातला अनुभव तरी होईल. आत्ता गेलो आणि त्यांनी विचारलं, वर्षभरात तुझ्यात काय फरक पडला, तर?"

"वय वाढलं म्हणावं."

"थट्टा नको. तुला काय कळायचं मुलाखतीतलं!"

ताईनं चहाचा ट्रे उचलला. तिला गेल्या वर्षी नकार कळवलेली कोल्हारची मंडळी, दुसरीकडे कुठं जमलं नाही म्हणून, आज पुन्हा तिला बघायला येऊन बैठकीत बसली होती.

"मुकुंदा," ती म्हणाली, "दारापर्यंत तेवढा तू धर रे. कप वाजताहेत."