खिडकीपाशी उभ्या मुली

"जराशी खिडकीपाशी उभी राहा बरं बाई, उजेडात," रजतची आई म्हणाली. "फोटो काढून नेतो. घरी आजीले दाखवा लागते."

रितिका उभी राहिली. पोहे खाऊन झाले होते, प्रश्न विचारून झाले होते. रजत हिंगण्याला एका कंपनीत सुपरवायझर होता. त्याने खिशातून फोन काढला. टचवाला, नवा. दिवाळीत धरमपेठेतून घेतला, हे त्याने आल्याआल्याच रितिकाच्या वडिलांना, नानाजींना, सांगितलं होतं.

त्याने फोन धरला, बोट लावलं, कपाळाला आठ्या घातल्या.

"काय झालं गा?" आईने विचारलं.

"मेमरी फुल दाखवून राहिला."

"मंग कार्ड टाक ना."

"याले कार्ड नाही लागत, आई. काही तरी डिलिट करा लागते."

रितिका खुर्चीकडे वळली.

"राहू दे, राहू दे, उभीच राहा. आत्ता होते."

आईने पर्समधून चष्मा काढला आणि मुलाच्या खांद्याला खांदा लावून बसली. खिडकी सोफ्याला लागूनच होती. रितिकाला फोन सरळ दिसत होता.

गाणी काढायला रजत तयार नव्हता. गेम पुन्हा टाकायला नेट लागतं म्हणून तोही नाही. मित्राच्या वरातीत नाचतानाचा व्हिडिओ तर नाहीच नाही.

"मंग ह्या पोरी काढ," आई म्हणाली. "कायले ठेवल्या?"

पोरी एकामागून एक येऊ लागल्या. कोणी हातात ट्रे घेऊन, कोणी फ्रिजपाशी, बऱ्याच जणी खिडकीपाशी. सगळ्यांच्या खांद्यावर नीट पिना लावलेला पदर. सगळ्या हसायचं की नाही ते न ठरल्यासारख्या.

"ही अमरावतीची. दात पाहा हिचे. काढ."

"ही?"

"हिचा बाप रिटायर झाला. काढ."

आवाज खाली आणायची तसदी तिने घेतली नाही. रजतच्या बोटाला पोह्यांचं तेल होतं. मुलीच्या तोंडावर पिवळा डाग उठायचा, तो फोन मांडीवर पुसायचा, पुढची मुलगी यायची.

"नवीन फोनचं असंच राहते," म्हणून नानाजी हसले. पाहुण्यांना अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून हसले.

मग मोहरीच्या रंगाची साडी आली. त्या साडीच्या निऱ्या रितिकाने स्वतः घालून दिल्या होत्या. भूमिका. कॉलेजची सगळी वर्षं एका बाकावर बसलेली.

रजतचं बोट थांबलं.

"हिले राहू दे," आई म्हणाली. "इकडचं नाही जमलं तर पाहू."

"तिले काय सांगितलं आपण?"

"काही नाही. फोन करतो म्हटलं."

फोनचं रितिकाला ठाऊक होतं. मुलाचं नाव भूमिकेने सांगितलं नव्हतं, आधी पक्कं होऊ दे म्हणाली होती. पण मधे आलेलं दुसरं स्थळ तिने परतवलं होतं. त्यांचा फोन येणार आहे म्हणून.

"भूमिका माझी मैत्रीण आहे," रितिका म्हणाली.

रजतने मान वर केली नाही. त्याच्या आईने मात्र चष्म्यावरून पाहिलं, कौतुकाने.

"हो का? चांगली आहे पोरगी. थोडी बुटकी आहे, बस."

जागा झाली. रजतने फोटो काढला. दोघांनी तो जवळून पाहिला, मोठा करून पाहिला.

"घे वं बाई, तूही पाहून घे," आई खुशीत म्हणाली. "मस्त आला."

रितिकाने फोन हातात घेतला. काच चिकट लागली. कसं पुसायचं, ते एवढा वेळ पाहून पाठच झालं होतं. आधी तिने स्वतःला पुसलं. मागच्या फोटोत भूमिका उभी होती. तिलाही पुसलं. मग फोन रजतच्या हातात दिला.

"झाली अजून जागा," ती म्हणाली.

पाहुणे चहाला थांबले नाहीत. "पोरीले काही वळणच नाही," असं रजतची आई फाटकापाशी शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. नानाजी गाडी वळेपर्यंत हात जोडून उभे राहिले. रितिकाची आई, वंदना, ओट्यापाशी जाऊन रडू लागली.

"काहून केलं असं? नाही म्हणा लागत होतं तर मागून सांगितलं असतं आपण."

रितिकाने मोरीत जाऊन साबणाने बोटं धुतली, पुन्हा धुतली. तरी हातावर काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. भूमिकेला आत्ताच सांगायला हवं होतं. वाट पाहू नको वं, ते लोक तसे नाहीत. काय काय सांगायचं ते तिने मनात जुळवलं. फोटोचंही सांगायचं. भूमिका आधी चिडेल, मग दोघी मिळून त्यांना शिव्या देतील.

तिच्या फोनमध्ये बॅलन्स नव्हता. नानाजींचा फोन टेबलावर होता, तो तिने उचलला आणि नंबर लावला.

पूर्ण रिंगही झाली नाही.

"नमस्कार," पलीकडून आवाज आला. जपून, हळू, एकेक शब्द नीट उच्चारत. "मी भूमिका बोलते. आपण कोण, रजतच्या घरून का?"

इतकं गोड भूमिका तिच्याशी कधीच बोलली नव्हती.