निघतानाचं भांडण

दुपारचा रस्ता सरळसोट. ट्रकमध्ये खिडक्यांच्या काचांचा माल, पोटात घरचं जेवण, आणि ड्रायव्हरच्या डोक्यात भांडायला काहीच नाही.

एरवी असं होत नसे. तो लांबच्या फेरीला निघाला, की बायको नेमकं दारातच काहीतरी काढायची. ओला टॉवेल पलंगावर टाकता. माझ्या मावशीला "बरी दिसतेस" म्हणालात, ते कुठल्या अर्थानं? तो चिडून चावी फिरवायचा आणि वाटभर उत्तरं रचत बसायचा. एक वाक्य जमवायचं, खोडायचं, दुसरं जुळवायचं. तिचं उत्तर तिच्याच आवाजात म्हणायचं, मग त्याला तोड शोधायची. झोप बिचारी केबिनच्या दाराशी ताटकळायची. दोघांच्या बोलण्यात तिला आत शिरायला फटच मिळायची नाही. हे गुपित त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. मित्रांना एवढंच सांगायचा, "भांडकुदळ बायको पदरात पडलीय, दुसरं काय!"

आज मात्र तिनं डबा दिला, कॉलर नीट केली आणि म्हणाली, "सावकाश जा." बस्स.

त्यानं जुनी भांडणं उकरून पाहिली. ती सगळी तो आधीच जिंकून बसला होता. सासूवर रागवावं, तर अंगातला मऊ शर्ट तिनंच शिवलेला. मालकाला चार शिव्या घातल्या; मालक काही उलटून बोलेना. पापण्या जडावल्या. रस्त्याची पांढरी रेघ अंगाईसारखी लांबत गेली, लांबत गेली...

डावी चाकं खडीत उतरली. मागे काचा किणकिणल्या.

तो दचकला. ट्रक आवरून कडेच्या मोकळ्या जागेत नेला. तोंडावर पाणी मारलं. पण संध्याकाळपर्यंत माल पोचवायचा होता. एक कडकडीत भांडण मिळालं, तर जमेल. त्यानं घरी फोन लावला.

"अगं, रुसलीस का माझ्यावर?"

"नाही हो. का?"

"मग भांडली का नाहीस? आता तरी काहीतरी काढ. मला पुढे जायचंय."

ती खुदकन हसली. मग हळूच म्हणाली, "गाडी उभी आहे ना?"

"आहे. कडेला."

"चावी काढा आधी."

त्यानं काढली.

"काल रात्रभर ट्रकमध्ये काचांचा माल चढवून आलात. तुम्ही अंघोळीला जाताना म्हटलं, जरा पडा. ऐकलंत? एरवीच्या थकव्यात जागं राहायला भांडण पुरतं, म्हणून दर फेरीला देते. आज दिलं असतं, तर झोप आली तरी तुम्ही थांबलाच नसता."

उत्तर रचायचं सोडून त्यानं पाय लांब केले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"झोपा आता. मालकांना मी कळवते. आणि उठलात की फोन करा. तुमच्या ताईंविषयी जरा बोलायचंय."